वीस मिनिटांचं बक्षीस

माझ्या सासऱ्यांनी आजवर कुठल्याही गोष्टीला ती पुरती पार पडण्याआधी चांगलं म्हटलेलं नाही, आणि या बाबतीत त्यांचा हात धरणारा माणूस कृष्णा आणि वारणेच्या मधल्या मुलखात दुसरा सापडणार नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकतो. पहिल्याच घासाला ‘वा!’ म्हणणारी माणसं आपण सगळेच. सासरे मात्र अख्खं ताट संपवतील, ताक पितील, हात धुतील, चूळ भरतील, टॉवेलला हात पुसत परत स्वयंपाकघराच्या दारात येतील आणि मग सांगतील, “वांगं बरं झालं होतं.” तोवर सासूबाईंची निम्मी भांडी घासून झालेली असतात. आंबा कोयीपर्यंत चोखून झाल्याशिवाय तो गोड होता की आंबट हे त्यांच्या तोंडून निघत नाही. टीव्हीवर आपल्या फलंदाजाचं शतक झालं की सगळं घर टाळ्या पिटतं, हे हाताची घडी घालून बसतात, कारण सामना अजून संपायचा असतो. सामना जिंकून, बक्षीस समारंभ होऊन, आम्ही सगळे उठून गेलो की रिकाम्या खोलीतून दोन टाळ्या ऐकू येतात. त्या त्यांच्या.

माझ्यावरही हाच प्रयोग झाला. साखरपुड्यानंतर त्यांनी भावकीत माझी ओळख करून दिली ती ‘होऊ घातलेले जावई’ अशी. मला वाटलं, चेष्टा असेल. पण लग्नाच्या दिवशी, मला हळद लागलेली असताना, आष्ट्याहून आलेल्या एका पाहुण्यांना ते गंभीरपणे सांगत होते, “अजून व्हायचंय. बारा पस्तीसला हाय.” अखेरच्या मंगलाष्टकानंतर अक्षता पडल्या, वाजंत्री सुरू झाली, तेव्हा कुठं ते पुढं आले, घड्याळात बघितलं आणि म्हणाले, “आता झालं. या, पाव्हणं.” मी पाया पडायला वाकलो. आशीर्वाद मिळाला तो असा: “संसार करा, मग सांगतो.” त्याला आता बारा वर्षं झाली. अजून सांगितलेलं नाही.

यामागं खाष्टपणा नव्हता, पेशा होता. इस्लामपूरच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उभी हयात काढली. गाळप सुरू झालं की कारखान्याच्या दारात बैलगाड्या, ट्रॅक्टर, ट्रक यांची रांग लागायची, आणि प्रत्येक शेतकऱ्याला आपला ऊस म्हणजे खडीसाखर वाटायची. सासरे उसाकडे बघायचेही नाहीत. कांडं पिळायचं, रस काढायचा, तो काचेच्या नळीत धरायचा, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा. मग ऊस कितीही उंच, जाड, देखणा असो. “रूप बघून साखर सांगणारा माणूस एकतर ज्योतिषी असतोय न्हाईतर चेअरमन,” असं ते म्हणायचे, आणि चेअरमन समोर असतानाही म्हणायचे. त्यामुळं बढतीचं काय झालं हे सांगायला नको.

एकदा वाळवा तालुक्याच्या कृषी प्रदर्शनात उभ्या उसाची स्पर्धा होती, आणि कुणीतरी यांना परीक्षक नेमण्याची चूक केली. तीन परीक्षक जीपमधून रानोरान हिंडले. एका शेतकऱ्याचा ऊस असा होता की वर बघताना टोपी पडावी. दोन परीक्षकांनी बांधावरूनच पैकीच्या पैकी गुण दिले. सासऱ्यांनी गुणांचा रकाना कोरा ठेवला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘तुटल्यावर कळवावे.’ त्या उसाला पहिलं बक्षीस मिळालं, ढाल घेऊन शेतकऱ्याचा फोटो निघाला, आणि पंधरा दिवसांनी वाऱ्यापावसात तो सगळा फड जमिनीवर लोळला. सासऱ्यांनी ‘बघा, मी म्हणत होतो’ असं एका शब्दानं म्हटलं नाही. उलट त्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन आडवा ऊस लवकर तोडायला टोळी कशी मिळेल याची खटपट केली. तो शेतकरी अजूनही बाजारात भेटला की लांबूनच ओरडतो, “तुटला ओ साहेब! या आता!”

निवृत्त झाल्यावर तपासायला ऊस उरला नाही, तेव्हा त्यांनी गावाचा नमुना घ्यायला सुरुवात केली. चौकात ‘भावी नगरसेवक’ असा फ्लेक्स लागला की ते स्कूटर थांबवतात आणि फ्लेक्सवरचा तरुण जवळपास उभा असेल तर त्यालाच विचारतात, “भावी ही पदवी कुठल्या विद्यापीठाची रं?” कॉलनीच्या टोकाला एका मोकळ्या जागेवर ‘नियोजित वाचनालय’ असा बोर्ड आहे. रोज सकाळी फिरायला गेले की त्याच्यासमोर मिनिटभर थांबतात. मागच्या वर्षी तो पुन्हा रंगवला, तेव्हा घरी येऊन म्हणाले, “इमारत न्हाई, पण बोर्ड तिसऱ्यांदा पूर्ण झाला.”

अशा माणसाच्या पोटी ऋतुजा जन्माला आली. ऋतुजा ही माझी मेव्हणी, बायकोपेक्षा नऊ वर्षांनी धाकटी, आणि तिचा धंदा असा की त्यात पुरं झालेलं काही दिसायलाच वर्षानुवर्षं लागतात. पुण्यात दोन खोल्यांच्या ऑफिसात ती आणि तिचे तीन मित्र मिळून व्हिडिओ गेम बनवत होते. गेमचं नाव ‘आड’. एका मुलीचा पोहरा आडात पडतो आणि तो काढायला ती आत उतरते; जितकी खाली जाईल तितका जुना काळ लागतो. आडाच्या भिंतीत कोनाडे, आणि प्रत्येक कोनाड्यात कुणाची तरी हरवलेली वस्तू. वस्तू उचलली की त्या माणसाचा आवाज ऐकू येतो. ऋतुजानं हे सगळं पहिल्यांदा घरी सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “एवढ्या खोल कशाला गं उतरायचं, दुसरा पोहरा घ्यावा की.” सासरे म्हणाले, “झाल्यावर दाखव.”

मग एका शनिवारी संध्याकाळी तिचा बंगळूरहून फोन आला. आम्ही दोघं तेव्हा साताऱ्याहून इस्लामपूरला आलेलो होतो. बंगळूरला या धंद्यातल्या लोकांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. तिथं मांडलेले बहुतेक गेम अजून बाजारात यायचे असतात. बनवणारे आपापल्या गेमचा एक तुकडा दाखवतात, लोक रांगा लावून तो खेळतात, आणि परीक्षक त्यातून बक्षिसं देतात. फोन स्पीकरवर होता.

“आप्पा, पहिलं आलं आपलं! प्रदर्शनातला सर्वोत्तम गेम! सगळ्या प्रदर्शनात पहिलं!”

सासूबाईंनी देवापुढं साखर ठेवली. बायको खुर्चीवरून उडालीच. सासऱ्यांनी चष्मा सारखा केला.

“पुरा झाला व्हय गेम?”

“नाही हो. अजून दीड-दोन वर्षं लागतील.”

“मग त्यांनी तपासलं काय?”

“वीस मिनिटांचा तुकडा ठेवला होता खेळायला.”

“सगळा गेम कितीचा?”

“आठ तासांचा होईल.”

“होईल,” सासऱ्यांनी तो शब्द जिभेवर घोळवला. “बरं, परीक्षक किती?”

“नऊ.”

“नऊच्या नऊ जणांनी ती वीस मिनिटं खेळली?”

इथं ऋतुजा अडखळली. खोटं बोलायचं नाही हे तिला याच माणसानं शिकवलेलं. “चौघांनी खेळली. बाकीच्यांनी व्हिडिओ बघितला. गर्दी लय होती, आप्पा.”

“म्हणजे पाच जणांनी ऊस बांधावरनं बघितला.”

ऋतुजा म्हणाली, “ठेवते मी.”

सासूबाई एरवी नवऱ्याला उलटून बोलत नाहीत. त्या दिवशी बोलल्या. “आवं, लेकीचं तोंड गोड करायचं सोडून तुमी नळीत काय धरताय तिला? एक दिवस बरं म्हणलं असतं तर काय कारखाना बंद पडला असता?” सासरे म्हणाले, “मी खोटं काय बोललो?” आणि यात खरोखरच काही खोटं नसल्यामुळं भांडण मिटायला काही जागाच उरली नाही. पुढचा आठवडाभर त्यांना चहा मिळत होता, पण तो टेबलावर ठेवल्याचा आवाज जरा मोठा येत होता.

तिकडं कॉलनीच्या मंडळाला बातमी कळली. मंडळाचे अध्यक्ष सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. ते दणदणत आले. “साहेब, आपल्या कॉलनीचं नाव बंगळूरात गाजलं! जंगी सत्कार ठेवतोय.” त्यांनी फ्लेक्सचा मजकूरही आणला होता. त्यात ‘आंतरराष्ट्रीय कीर्तीच्या’, ‘जगप्रसिद्ध’ आणि ‘वाळव्याची वाघीण’ असे तीन शब्दप्रयोग होते. सासऱ्यांनी लाल पेन काढून तिन्ही खोडले आणि म्हणाले, “गेम बाजारात आला की करा सत्कार.”

“कवा येणार?”

“दोन वर्षांनी म्हणती.”

“तवर मंडळाची निवडणूक हून दुसरा अध्यक्ष बसंल की ओ साहेब!” हवालदार कळवळून म्हणाले.

ही झाली गंमत. पण माझ्या बायकोला बहिणीचे फोन येत होते त्यात गंमत नव्हती. ऋतुजा म्हणत होती की आता इस्लामपूरला येऊन करायचं काय. जगातल्या अनोळखी माणसांना आवडलं आणि घरातल्या माणसानं हिशेब विचारला. आणि तिला ते लागलं होतं याचं एक कारण असं की तो हिशेब ती स्वतःलाही विचारत होती. खरंच, वीस मिनिटांवरून कुणाला काय कळतं? गेम बनवणाऱ्या चौघांपैकी दोघं आता थकले होते, नोकऱ्या शोधत होते. गेम पुरा होईल की नाही हे तिलाच माहीत नव्हतं, आणि कपाटात ‘सर्वोत्तम’ असं कोरलेली काचेची पट्टी येऊन बसली होती.

आणि मग सासऱ्यांनी तिला आयुष्यातला पहिला मेसेज पाठवला. त्यात चार शब्द होते: ‘नमुना घेऊन ये. तपासतो.’

बायकोला तो वाचून रडू फुटलं. मला कळेना, यात रडण्यासारखं काय? ती म्हणाली, “तुम्हाला कळत नाही. आप्पांनी कच्चं काही कधी मागितलेलंच नाही.”

मी शिरवळच्या एका कारखान्यात कामाला आहे. ऋतुजा शुक्रवारी पुण्याहून शिरवळपर्यंत आली आणि तिथून आम्ही गाडीनं निघालो. साताऱ्यात बायको गाडीत बसली तशी ऋतुजा म्हणाली, “दाजी, मी आईसाठी येतेय हां. त्यांच्यासाठी नाही.” मी म्हटलं, “बरं.” कऱ्हाड गेल्यावर तिनं विचारलं, “त्यांचा चष्म्याचा नंबर वाढलाय का? अक्षरं बारीक आहेत गेममध्ये.”

शनिवारी सकाळी आंघोळ, पूजा, नाष्टा उरकून सासरे टेबलाशी बसले. समोर लॅपटॉप, डाव्या हाताला वही, वहीवर आडव्या-उभ्या रेघा मारून रकाने. ऋतुजानं त्यांच्या हातात खेळायचं यंत्र दिलं, ज्याला दोन दांडे आणि बरीच बटणं असतात. ते त्यांनी आधी उलटं धरलं. पहिल्याच पायरीवर ती मुलगी आडात पडली. सासऱ्यांनी वहीत लिहिलं: ‘पडली.’ पुन्हा पडली. पुन्हा लिहिलं. अकराव्या वेळी सासूबाई बाहेर येऊन म्हणाल्या, “आवं, लेकरू मरंल की!” तेव्हा ऋतुजाला हसू आलं, ते आठवड्यातलं पहिलं.

दुपारपर्यंत पोरगी आडाच्या भिंतीला धरून उतरायला लागली आणि सासरे खुर्चीच्या कडेला आले. तक्रारी चालूच होत्या. रहाट उलटा फिरतोय. दोर ओला झाल्यावर असा सरकत न्हाई. पाण्याचा आवाज वरनं जसा येतोय तसाच खाली कसा येईल? ऋतुजा आधी वाद घालत होती, मग तीही वही घेऊन बसली.

तिसऱ्या कोनाड्यात एक पितळी लोटा होता. मुलीनं तो उचलला आणि एका म्हाताऱ्या बाईचा आवाज आला: “हळू सोड रं बाळा, तळ जवळ आला की दोर हातात बोलतोय.” सासऱ्यांचे हात थांबले.

“ही माझी आई बोलती.”

“हं,” ऋतुजा म्हणाली. “तुम्हीच सांगितलं होतं. मी दुसरीत होते तेव्हा.”

सासऱ्यांनी वहीत काही लिहिलं नाही. त्यांनी तो लोटा खाली ठेवून पुन्हा उचलला.

वीस मिनिटांचा तुकडा जिथं संपतो तिथं पाण्याच्या काठाशी भिंतीत एक लहानसं लाकडी दार आहे. मुलगी कडीला हात लावते आणि पडदा काळा होतो. सासरे वाट बघत बसले.

“पुढं?”

“संपलं.”

“दार उघड की.”

“पलीकडं काही नाही, आप्पा. केलेलंच नाही अजून.”

“मग दार दाखवायचं कशाला?” असं म्हणून ते उठले, अंगणात एक चक्कर मारली आणि परत येऊन पहिल्यापासून सुरू केलं. सोमवारी ऋतुजा जायला निघेपर्यंत त्यांनी तो तुकडा चौदा वेळा खेळला होता.

रविवारी सकाळी पोहे खाताना खरं बोलणं झालं. सासरे म्हणाले, “तुकड्यात खोट न्हाई. पण तुकड्यावर सगळ्याचं बक्षीस देणं मला पटत न्हाई.”

ऋतुजानं विचारलं, “आप्पा, तुम्ही शेतकऱ्यांना लावायला उसाचं बेणं कसं निवडायला सांगत होता?”

“नऊ-दहा महिन्यांचं. कोवळं, निरोगी, डोळा फुगलेला.”

“त्याची साखर तपासून?”

“येडी का खुळी तू? बेण्यात साखर बघत्यात व्हय? साखरेला पक्का झालेला ऊस लावलास तर उगवंल कसा...” आणि ते बोलता बोलता थांबले. पोह्याचा चमचा हवेतच राहिला.

ऋतुजानं तो क्षण दवडला नाही. “त्या बक्षिसानं आमचा गेम चांगला ठरत नाही, आप्पा. मलाही माहीत आहे. लावून बघायला हरकत नाही, एवढंच ठरतं. ते मिळालं म्हणून एक कंपनी आमच्याशी बोलायला तयार झाली. नोकऱ्या शोधणारे दोघं पण सोडून न जाता थांबलेत. नाहीतर पुढच्या महिन्यात आम्ही ऑफिस बंद करत होतो.” हे शेवटचं वाक्य तिनं घरात पहिल्यांदाच सांगितलं.

सासऱ्यांनी चमचा बशीत ठेवला आणि म्हणाले, “मग बेण्याचं बक्षीस म्हणावं. सर्वोत्तम गेम कशाला म्हणत्यात?”

“ते नाव मी ठेवलेलं नाही.”

“पण घेतलंस की.”

“घेतलं,” ऋतुजा म्हणाली, “तुम्ही पण चांगला केमिस्ट म्हणून घड्याळ घेतलंतच ना, निवृत्तीला?”

“ते निवृत्त झाल्यावर दिलं!” सासरे ओरडले, आणि मग दोघंही हसायला लागले.

सत्कार झाला. सासऱ्यांनी एकच अट घातली, फ्लेक्सचा मजकूर ते देतील. त्याप्रमाणं कॉलनीच्या कमानीवर लागलं: ‘नियोजित गेम “आड” याच्या पहिल्या वीस मिनिटांस पुरस्कार मिळाल्याबद्दल कु. ऋतुजा हिचे अभिनंदन.’ फ्लेक्सवाल्यानं मजकूर चुकला असेल म्हणून दोनदा फोन करून विचारलं. हवालदारांचं तोंड एवढंसं झालं होतं, पण वाघिणीचं चित्र त्यांनी कोपऱ्यात घातलंच.

मंडळाच्या हॉलमध्ये शंभरेक माणसं. नारळ, शाल, गुच्छ झालं, आणि वडिलांनी दोन शब्द बोलावेत अशी विनंती झाली. आम्ही घरच्यांनी डोळे मिटून घेतले. सासरे माइकसमोर गेले, खिशातून वही काढली.

“मंडळी, हा गेम अजून झालेला न्हाई. तो हुईल का, कसा हुईल, मला ठाऊक न्हाई. तिलाबी न्हाई. ज्यांनी बक्षीस दिलं त्यांतल्या पाच जणांनी तो हातात धरलेला न्हाई.” हवालदार मागून त्यांचा शर्ट ओढत होते. “तवा उगं कुणी ह्याला जगप्रसिद्ध म्हणू नये. पण जी वीस मिनिटं झाली, ती मी चौदा वेळा तपासली.” इथं त्यांनी वही मिटली. “ती वीस मिनिटं चांगली हायेत.”

आणि येऊन बसले. लोकांनी रीतीप्रमाणं टाळ्या वाजवल्या. एवढ्याशा वाक्यानं साहेबांची बायको पदर तोंडाला का लावतेय, थोरली मुलगी नवऱ्याचा हात का आवळतेय आणि सत्कारमूर्ती गुच्छात तोंड खुपसून का बसलीय, हे त्यांना कळायचं काही कारण नव्हतं.

त्यानंतर सासऱ्यांनी नवीन उद्योग मागं लावून घेतला. त्या प्रदर्शनात ज्या ज्या गेमना बक्षिसं मिळाली त्यांची यादी त्यांनी ऋतुजाकडून मागवली आणि वहीत एकेक पान केलं. दर महिन्याला फोन करून चौकशी. एक गेम वेळेवर आला आणि गाजला. एक आला तो प्रदर्शनात दाखवलेल्या तुकड्यासारखा मुळीच नव्हता, लोकांनी शिव्या घातल्या. एकाचं नाव बदललं. एकाची कंपनीच मिटली. त्या पानावर त्यांनी पेन्सिलीनं ‘उगवला नाही’ असं लिहिलं आणि ऋतुजाला विचारलं, “त्या पोरांना कुठं कामं मिळाली का?” तिला ठाऊक नव्हतं. तर म्हणाले, “चौकशी कर. त्यांचंबी बेणं कुणीतरी बघितलेलं होतं.”

‘आड’ दोन वर्षांत आला नाही. जवळजवळ तीन लागली. चार जणांपैकी एक मधेच गेला, तरी गेम आला. सासऱ्यांनी तो दीड महिना खेळून पुरा केला. रहाट आता सुलटा फिरत होता. दारापलीकडं काय आहे ते त्यांनी आम्हा कुणालाच सांगितलं नाही, विचारलं की म्हणत, “खेळून बघा.” फक्त पितळी लोट्याचा कोनाडा त्यांना सापडेना. तीन दिवस ते आडात वर-खाली करत होते. शेवटी ऋतुजानंच सांगितलं, “तो काढावा लागला, आप्पा. गेम तिथं थांबून राहत होता.” सासरे म्हणाले, “बरोबर हाय. थांबत असंल तर काढलाच पाहिजे.” पण ज्या जुन्या लॅपटॉपवर ती वीस मिनिटं होती तो त्यांनी तिला परत दिला नाही. म्हणाले, बिघडलाय. तो बिघडलेला नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. दुपारी खोलीचं दार लोटलेलं असलं की आतून अधूनमधून एका म्हाताऱ्या बाईचा आवाज येतो.

पुरा गेम संपवल्यावर त्यांनी ऋतुजाला फोन केला. “झाला. आणि चांगला झाला.” बाहेरच्या जगानं मात्र फार दखल घेतली नाही. ज्यांनी खेळला त्यांना आवडला, पण खेळणारे थोडे. सासरे वाट बघत होते. मग एक दिवस त्यांनी विचारलं, “आता बक्षीस कवा?”

“आता नाही, आप्पा. तिथं फक्त यायच्या गेमना असतं.”

“आणि आलेल्यांना?”

“त्यांची वेगळी असतात. ती मोठ्या लोकांना मिळतात.”

यावर सासऱ्यांनी प्रदर्शनवाल्यांना इंग्रजीत एक पत्र लिहिलं, प्रयोगशाळेच्या अहवालासारखं. ज्या गेमचा तुकडा आपण तपासला तो आता पूर्ण तयार आहे, तरी परीक्षकांनी, या वेळी नऊच्या नऊ जणांनी, येऊन फेरतपासणी करावी. मीच ते टाइप करून पाठवलं. उत्तर आलं, फार सभ्य: आमची बक्षिसं आगामी गेमसाठीच आहेत; आपला पुढचा गेम जरूर पाठवावा. सासरे दोन दिवस चिडले होते. “पीक आलं तर बघायला कुणी न्हाई,” असं स्कूटरशी बोलत होते.

या दिवाळीत ऋतुजा आठवडाभर आली होती. सध्या ती दुसऱ्यांच्या गेमची कामं करते. वाळत चालल्यासारखी दिसत होती जरा. सकाळी अंगणातल्या पायरीवर एकटीच बसलेली. सासरे दोन कप चहा घेऊन आले आणि शेजारी बसले.

“पुढचा कुठला?”

“कसलं काय, आप्पा. काहीच नाही अजून. नुसतं एक डोक्यात आहे. सांगण्यासारखंसुद्धा नाही.”

“सांग की.”

मी दारात पेपर घेऊन उभा होतो. ती सांगायला लागली. एक बाई आहे, आणि एक घाटाचा रस्ता आहे, नाही, रस्ता नाही, रस्ता नंतर आहे. अडखळत होती, मागं जात होती, पुन्हा पहिल्यापासून धरत होती. सासऱ्यांनी किती तासांचा विचारलं नाही, कधी होईल विचारलं नाही. मधेच ते उठले. मला वाटलं, झालं, कंटाळले. पण त्यांना अलीकडं डाव्या कानानं कमी ऐकू येतं. ते वळसा घालून तिच्या डाव्या हाताला जाऊन बसले, उजवा कान तिच्याकडं यावा म्हणून, आणि म्हणाले, “हां, ती बाई घाटात कुठनं आली?”